आडाचं गोड पाणी

२७ मार्च

कमलबाई आजही आली नाही. ऐन हंगामात ही बाई रजा टाकते म्हणजे एक तर ती खरंच आजारी आहे, नाहीतर तिच्या हट्टा गावात भावकीत लग्न आहे. जेवण जात नाही, मळमळतंय, असा निरोप आलाय. इकडं वसमतच्या मार्केटात हळदीचे ढीग लागलेत आणि रामप्रसाद शेठ सारखे निवडायच्या हॉलच्या दारात येऊन माझ्याकडं बघतात, जणू मीच कमलबाईला कुठं लपवून ठेवलंय. सुपरवायझर झाले तेव्हा वाटलं होतं, चला, बसायला खुर्ची मिळाली. खुर्ची मिळाली खरी, पण बसून खायची ती बोलणी.

दुपारी बायकांनी राणीची थट्टा मांडली होती. पोरीला सहावा लागलाय तरी येते. तिचे डोळे पिवळट दिसत होते. कुणीतरी म्हणालं, "काय गं, लगीन होऊन वरीस झालं, तुझी हळद काहून उतरून न्हाई राहिली?" सगळ्या हसल्या, मीही हसले. आमच्यात पिवळं कोण नाही? नखं पिवळी, पदर पिवळा, भाकरी बांधलेलं फडकं पिवळं. मी उशीवर डोकं टेकलं की उशीचं लग्न लागतं, असं बालाजी म्हणतो.

बालाजी माझा धाकटा भाऊ. हे गेल्यापासून मी त्याच्याकडंच असते. त्याची बायको प्रतिक्षा सात महिन्यांची आहे. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी या घरात पाळणा हलणार आहे आणि माझा जीव नुसता टांगणीला लागलेला असतो. येताना तिच्यासाठी बाटली भरून आडाचं पाणी आणलं. आमच्या घरचं बोअरचं पाणी खारट, डाळसुद्धा शिजत नाही त्यात. कारखान्याच्या मागं आड आहे, त्याचं पाणी गोड आहे. बालाजीला त्या बाटलीला हात लावू देत नाही, ती फक्त तिची.

कारखान्यात फिल्टरच्या पाण्याचे जारही येतात. ते कूलरवर चढवायचं, पेले विसळायचं काम पंचफुलाकडं आहे. पण आम्ही निम्म्या जणी पडवीतल्या रांजणातलं आडाचं पाणीच पितो. जारचं गार पाणी घसा धरतं. पंचफुला रांजणाकडं फिरकत नाही. तिला कुणी तसं सांगितलेलं नाही, समजूतदार आहे ती. बाकी आमच्यात भेदभाव वगैरे काही नाही. चहा सगळ्या एकत्रच पितो, कागदी कपात.

२ एप्रिल

कमलबाईला भेटायला हट्ट्याला जाऊन आले. अंगणात बाज टाकून पडली होती. तिला कावीळ झाली आहे आणि ती उतरवायला गावातला एक जण आला होता. तो परातीत चुन्याचं पाणी घेऊन हात धुवायला लावतो, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. कमलबाईनं हात बुडवले आणि पाणी लालभडक झालं. तिची सून किंचाळली. तो माणूस स्वतःच घाबरून उठला आणि म्हणाला, "हे माझ्या हातचं न्हाई, हे काहीतरी दुसरं हाय."

मला हसू आलं. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं हे हळदीत जन्म काढणाऱ्या बाईलाही त्या क्षणी आठवू नये? मी समजावून सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि कुणालाही पटलं नाही. परतीच्या एसटीत मात्र माझं हसू गेलं. ती परात सारखी डोळ्यांसमोर येत होती.

५ एप्रिल

राणीला हॉलमध्येच भोवळ आली. उलट्या झाल्या. तिला उचलताना तिचा हात माझ्या हातात होता आणि मी तिच्या डोळ्यांकडं बघत होते. ते पिवळं हळदीचं नव्हतं. हळद डोळ्यांत जात नाही. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आली नाही.

तिला नांदेडला नेलं.

७ एप्रिल

राणी गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

आज हॉलमध्ये फक्त हळदीला पॉलिश करायचा ड्रम फिरत होता. मी तिच्या जागेवर दुसरी कुणी बसवली नाही. शेठनीही विचारलं नाही.

९ एप्रिल

सरकारी दवाखान्यातून साथीचा शोध घ्यायला डॉक्टर आले. प्रज्ञेश नाव, मूळचे कळमनुरीकडचे, वयानं बालाजीएवढे असतील. हॉलमध्ये मांडी घालून बसले, एकेकीचे डोळे उजेडात बघितले, रक्त घेतलं. आणखी चौघी-पाच जणी निघाल्या. ही पाण्यातून येणारी कावीळ दिसते, म्हणाले. धडधाकट माणूस महिन्याभरात उठून बसतो. "पण गरोदर बाईच्या जिवाला धोका असतो. आणि आज पोटात गेलेलं पाणी महिना-दीड महिन्यानं अंगावर येतं. म्हणजे आत्ता ठणठणीत दिसणाऱ्यांचंही मला सांगता येत नाही." मी मनात प्रतिक्षाचे महिने मोजले.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही सगळ्या पाणी कुठलं पिता?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "जारचं. सगळ्या जणी जारचंच."

खोटं बोलायचं मनात नव्हतं. पण त्यांच्या नावागावावरून ते पंचफुलाच्या समाजाचे आहेत हे कळत होतं. त्यांच्यासमोर दोन पाण्यांची गोष्ट काढली असती तर त्यांनी भलताच अर्थ घेतला असता. घसा धरतो हे त्यांना कसं पटवायचं? आणि त्या आडाच्या पाण्यानं आजवर कुणाला काही झालेलं नाही. मग नसती गोष्ट उकरायची कशाला? पंचफुला कूलरपाशीच उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि खाली बघून पेले विसळत राहिली. बरं झालं, बोलली नाही.

डॉक्टरांनी जारचं पाणी तपासायला नेलं, कूलर बंद करायला लावला. सगळ्यांनी पाणी उकळून, घरून आणायचं असं ठरलं. त्यांच्यासाठी मी दुकानातून पाण्याची बाटली मागवली होती. ती न उघडताच ठेवून गेले.

१० एप्रिल

भीती कशी असते ते मला आता कळतंय. प्रतिक्षा खोकली तरी मी स्वयंपाकघरातून धावत येते. घरचं खारं पाणी तिला पूर्ण बंद केलंय. ते बालाजी आणि मी उकळून पितो. तिला फक्त आडाचं. एका बाटलीनं भागत नाही, आता मोठा कॅन नेते. उकळायची गरज नाही, त्यानं त्याची गोडी जाते.

"आक्का, कशाला वझं उचलता?" म्हणाली ती. मी म्हणाले, "गप पी."

११ एप्रिल

पंचफुलाला शेठनी कामावरून थांबवलं. बायकांचा रेटाच तसा होता. तिच्या हातामुळंच हे झालं, पेले नीट विसळत नव्हती, हात धूत नव्हती, असं सगळ्या बोलून राहिल्यात. जाताना ती हॉलच्या दाराशी थांबली. मला वाटलं भांडेल. "येते ताई," एवढंच म्हणाली.

वाईट वाटलं. पण प्रतिक्षाचा विचार करायचा की पंचफुलाचा?

१४ एप्रिल

जयंतीची सुट्टी. म्हणजे पंचफुलाच्या वस्तीतल्या बायकांना सुट्टी, आमचं काम चालू. बाहेर रस्त्यावर निळे झेंडे, वाजंत्री. आत मी हॉलमध्ये उभी राहून रिकाम्या जागा मोजल्या. त्या सगळ्या नसल्यामुळं हॉलची एक बाजू रिकामी असणारच होती. पण दुसरी बाजूही ओस होती. आजारी पडलेल्या सगळ्या जणी आमच्याच बाजूच्या. त्यांच्यातली एकही नाही.

असं कसं? त्यांची अंगं काटक असतील. ऊन-पाऊस सोसलेली. दुसरं काय असणार.

१९ एप्रिल

जारचं पाणी स्वच्छ निघालं. कूलर बंद होऊनही तीन नव्या जणी पडल्या. त्यांच्या पोटात ते आधीच गेलेलं असणार असं डॉक्टर म्हणतात, पण त्यांचा चेहरा ओढलेला होता. कमलबाई जरा बरी आहे, ती बघायला आली होती. तिलाही त्यांनी खोदून खोदून विचारलं. प्रसादाला कुठं गेला होतात का, लग्नात जेवलात का, उसाचा रस प्यालात का. आणि शेवटी आवाज खाली आणून: "मावशी, जारशिवाय आणखी कुठलं पाणी आहे का इथं?"

कमलबाईनं माझ्याकडं बघितलं. "न्हाई बा," म्हणाली.

डॉक्टर थोडा वेळ पडवीकडं बघत उभे होते. आमचा रांजण तिथंच, गोणपाटाखाली झाकून ठेवलेला. उन्हात पाणी गार राहावं म्हणून झाकतो आम्ही. ते त्या बाजूला गेले नाहीत. मला वाटतं त्यांनाही जायचं नव्हतं.

२३ एप्रिल

प्रतिक्षाला अन्न नको झालंय. ऊन फार आहे, बेचाळीसच्या वर पारा. सगळ्यांनाच नको होतं. मी तिला लिंबाचं सरबत करून दिलं, त्याच पाण्यात.

२४ एप्रिल

सरबत पोटात ठरलं नाही. वास नको म्हणते. गर्भारपणात शेवटी शेवटी होतं असं. शेजारणीलाही झालं होतं म्हणे.

मी हे स्वतःला समजावण्यासाठी लिहितेय, हे मला कळतंय.

२६ एप्रिल

सकाळी तिला अंगणात बसवून वेणी घालत होते. ऊन तिच्या तोंडावर आलं आणि तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

तिचे डोळे पिवळे होते.

तिच्या अंगावर हळदीचा कण नाही. हात पांढरे, नखं पांढरी, पातळ धुतलेलं. म्हणून तर ते पिवळं इतकं उठून दिसलं. माझ्या हातातून कंगवा पडला. "काय झालं आक्का?" म्हणाली. मी म्हणाले, केसांत गुंता आहे.

बालाजीला गाडी आणायला पाठवलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. एकच गोष्ट सरळ दिसत होती. प्रतिक्षानं कारखान्यात कधी पाऊल ठेवलेलं नाही. जारचा घोट घेतलेला नाही. पंचफुलाला तर तिनं पाहिलेलंही नाही. खारं पाणी तिनं सोडलंय, ते पिणारा बालाजी ठणठणीत आहे. कारखान्यातून या घरात दोनच गोष्टी येतात. एक मी, आणि दुसरा तो कॅन.

कॅन ओट्यावर होता. अर्धा भरलेला.

नांदेडला पोचेपर्यंत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. वाटेत म्हणाली, "तहान लागली." मी चालकाला थांबवून दुकानातलं पाणी घेतलं. ती म्हणाली, "तुमचं न्हाई आणलं का?"

दवाखान्यात तिला आत घेतल्यावर मी बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, "डॉक्टर, आणखी एक पाणी आहे."  त्यांनी विचारलं, "कुठं?" मी सांगितलं. रांजण, आड, कोण कोण पितं, सगळं. आणि शेवटी म्हणाले, जारचं गार पाणी घसा धरतं ना, म्हणून.

"बरं," एवढंच ते म्हणाले. आधी का सांगितलं नाही असं त्यांनी विचारलं नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

२८ एप्रिल

बालाजीला प्रतिक्षापाशी ठेवून एका रात्रीपुरती वसमतला आले. डॉक्टरांनी काल संध्याकाळी बायकांच्या संडासात हिरवा रंग ओतायला लावला होता. हा संडास नवा, याच हिवाळ्यात बांधलेला. शेठच्या मागं लागून मीच बांधून घेतला. हमाल बसतात त्या बाजूनं जायला बायका लाजतात, म्हणून मागं, आडाच्या अंगाला घ्या, हेही मीच सांगितलं होतं. त्या वेळी सगळ्या बायकांनी माझे आभार मानले होते.

दुपारी शेठ, डॉक्टर, आम्ही सगळ्या आडाभोवती उभ्या राहिलो. बादली वर आली. आधी वाटलं काही नाही. मग डॉक्टरांनी पाणी पांढऱ्या घमेल्यात ओतलं. फिकट हिरवं. शेवाळ पण असंच दिसतं, असं शेठ म्हणाले, पण पुन्हा घमेल्याकडं बघितलं नाही. कमलबाई कडेला जाऊन ओकली. मी तिथंच उभी होते. माझ्या मनात एकच चाललं होतं, की हे मी पोरीला सरबत करून पाजलं.

मीही तेच प्याले इतके दिवस. मला काहीच कसं झालं नाही, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सगळ्यांत ते दिसून येत नाही. मला दिसायला हवं होतं.

आड बंद केला. रांजण फोडला. फोडताना एका हमालानं विचारलं, "चांगला हाय की, काहून फोडून राहिले?" 

२९ एप्रिल

शेठ म्हणाले, पंचफुलाला परत बोलवा, फोन करा. फोन करायची हिंमत झाली नाही, नांदेडची गाडी धरायच्या आधी मी स्वतः गेले. ती दारात गहू निवडत होती. मला बघून उठली, खुर्ची दिली. मी बसले.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणाले. "आम्ही रांजणाचं पितो हे. त्या दिवशी डॉक्टरसमोर बोलली का नाहीस?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मी काय बोलू ताई? आमी जारचं पितो, त्या रांजणाचं पितात, असं मी म्हणले असते, तर तुमी सगळ्या काय म्हणला असता? हिनंच रांजणात कायतरी कालवलं. जारवरून काढलंच की मला. मग रांजणावरून तर जेलातच बसवलं असतं." सूप पुन्हा उचलत म्हणाली, "त्या एकाच पाण्याला माझा हात कधी लागला न्हाई."

तिनं चहा विचारला. मी म्हणाले गडबड आहे, नांदेडला जायचंय. ती म्हणाली, "व्हय, जा. पोरगी कशी हाय?"

मला तो चहा घ्यायचा होता. खरंच गडबड होती. हे लिहितानाही मला कळत नाही की यातलं खरं कुठलं.

४ मे

मुलगी झाली. रडली नाही.

बालाजीनं तिला कापडात धरलं होतं. मी हात पुढं केले, त्यानं दिली. माझ्या हातांवर अजून पिवळं आहे, कितीही घासलं तरी नखांच्या कडेला राहतंच. मी पदर हातावर घेऊन तिला धरलं.

प्रतिक्षा शुद्धीवर नाही. डॉक्टर म्हणतात, आज आणि उद्याचा दिवस.

५ मे

तशीच.

७ मे

सकाळी डोळे उघडले. बालाजीला ओळखलं. मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून रडले. बाजूच्या खाटेवरल्या म्हातारीला वाटलं, गेली. तिनं येऊन माझी समजूत घातली. मी तिला नाही म्हणू शकले नाही.

१२ मे

आज प्रतिक्षा उशीला टेकून बसली. डोळ्यांतलं पिवळं निवळायला लागलंय. मुलीचं तिला कळलंय, बालाजीनंच सांगितलं. ती आता रडत नाही, खिडकीकडं बघत राहते.

नर्सनं ठेवलेला पेला तिनं बाजूला सारला. "आक्का, हे पाणी न्हाई जात मला. घरी गेलं की तुमचं आडाचं आणा." मग माझा हात हातात घेतला. "तुमी इतकं केलं माझ्यासाठी. उन्हातान्हात ते वझं आणायचा. त्या पाण्यानंच तगले मी."

गप्प बसता आलं असतं. बालाजीला माहीत नाही. त्याला मी एवढंच सांगितलंय की साथ कारखान्यातून आली. डॉक्टर कुणाला सांगायचे नाहीत. या हाताला तिनं असंच धरून ठेवावं असं मला किती वाटत होतं, ते लिहून होणार नाही.

मी सांगितलं. आड, संडास, हिरवं पाणी, सरबत. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. हात मात्र हळूच काढून घेतला.  मग तिनं विचारलं, "पण तिथं तर फिल्टरचा जार होता ना? तुमीच सांगितलं होतं. मग आडाचं काहून?"

घसा धरतो, हे अगदी जिभेवर आलं होतं. इतकी वर्षं म्हटलंय की तेच आधी येतं.

"जारला पंचफुलाचा हात लागतो म्हणून," मी म्हणाले.

प्रतिक्षानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं. मी पायथ्याशी बसून राहिले. थोड्या वेळानं बालाजी चहा घेऊन आला, तिघांचा. त्यानं विचारलं, काय झालं, गप्प का दोघी? मी त्याला बस म्हणाले.